मेष्ट्रुंच्या पाटावर

२१ ऑक्टोबर २०१८, रविवार

टिण्‌... टिण्‌ टिण्‌... टिण्‌.

काचेच्या कांडीने काचपात्राचा काठ वाजवला की होतो तसा आवाज. आज पहाटे जाग आली ती याच आवाजाने. उठून बसलो तर खोलीत कोणी नाही. शेजारच्या अंगणात सुपारी उकडायला भट्टी पेटवली होती, तिचा तुरट वास तेवढा खिडकीतून येत होता. आवाज पंचावन्न वर्षांपूर्वीचा होता. एवढ्या लांबून चालत आला बिचारा, म्हणून लिहून ठेवतो.

शिमोग्याच्या कॉलेजातली रसायनशाळा. मी अठरा वर्षांचा. वडील दुसऱ्यांच्या अंगणात सुपारी सोलायचे आणि मुलगा इंजिनीअर होणार म्हणून गावभर सांगायचे. मी ब्युरेटसमोर उभा राहून थेंब थेंब सोडत होतो, आणि ओठांत शाळेत पाठ केलेली एक षट्पदी चालली होती. सहा ओळींचा तो छंद एकदा अंगात शिरला की माणूस उभ्याउभ्याच चालू लागतो. चालता चालता लक्षात आलं, मागे कोणीतरी ठेका धरलाय. वळून पाहिलं तर पद्मनाभ जोयिस मेष्ट्रु. आमचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक; आमच्याकडे मास्तरांना मेष्ट्रुच म्हणतात. हातात काचेची कांडी.

"थांबलास का? दोन ओळी राहिल्यात."

म्हटल्या. मग त्यांनी माझं पात्र उचलून उजेडात धरलं.

"फिकं गुलाबी व्हायला हवं होतं. हे तर कुंकू झालंय. कुठे होतास?"

"नदीकाठी, सर." पदात नदीकाठच होता, खोटं कशाला बोलू?

"मग तिथंच राहा," म्हणाले आणि पुढच्या टेबलाकडे गेले.

मला वाटलं, हाकललं. दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी दंडाला धरून प्रिन्सिपॉलांच्या खोलीत नेलं आणि बी.एस्सी.तून काढून मला कन्नड घेऊन बी.ए.ला बसवलं. प्रिन्सिपॉल हसले, "जोयिस, आपला विद्यार्थी आपणच घालवताय?"

"सर, मी रसायनशास्त्र वाचवतोय."

माझ्या वडिलांना त्यांनी चार पानी पत्र लिहिलं. वडिलांना वाचता येत नव्हतं, म्हणून ते मलाच मोठ्याने वाचून दाखवावं लागलं. माझी स्तुती होती ती सगळी मी लाजेने गाळली. वडील म्हणाले, "चार पानांत एवढंच?"

एक माणूस कोणाच्या कोण पोरासाठी एवढं करतो, हे मला अजून नीट पटलेलं नाही. हे आश्चर्य उरात घेऊनच मी म्हातारा झालो.

२३ ऑक्टोबर, मंगळवार

मेष्ट्रुंचं पत्र आलं. त्यांचंच अक्षर, फक्त ओळी उताराला लागलेल्या.

"चौडप्पा, घशाची शस्त्रक्रिया झाली. गाठ साधी होती. जाताना आवाज घेऊन गेली. बोलता येतं, तेही कुजबुजून; गाता येणार नाही. कार्तिकातलं वाचन मोडायचं नाही. यंदा तू गा. सांगणारा शोध. प. जो."

पाच वेळा वाचलं. पाचही वेळा "तू गा" असंच लिहिलेलं.

सदतीस वर्षं झाली. कार्तिकी पौर्णिमेआधीचे सात दिवस आमच्या गावच्या देवळात वाचन होतं. मेष्ट्रु शिमोग्याहून यायचे, लाकडी पाटावर बसून पोथीतली पदं रागात गायचे. राजा राज्य सोडून वनात निघतो, त्याची ती जुनी पोथी. मी खाली चटईवर बसून आजच्या बोलीत अर्थ सांगायचो. तिची भाषा सात-आठशे वर्षांपूर्वीची, ती आता कोणाला कळते? एक पद ते, एक अर्थ मी. गावात कोणी मला हेडमास्तर म्हणून आठवत नाही. "अर्थ सांगणारे मास्तर" म्हणूनच ओळखतात. ते मला पुरेसं होतं. मेष्ट्रुंच्या आवाजाच्या सावलीत बसून बोलायला धाडस लागत नाही.

पण गायचं? चारचौघांत? पंचाहत्तरीला आलेल्या माणसाने?

लोलाक्षीला पत्र दाखवलं. ती मुगाच्या शेंगा सोलत होती. म्हणाली, "मग गा."

"मी गाणारा नाही."

"मग परवाच्या गाडीने शिमोग्याला जा आणि हे त्यांना तोंडावर सांगून या." बायको चाळीस वर्षं माझ्या शाळेत असती तर हेडमास्तर तीच झाली असती.

२५ ऑक्टोबर, गुरुवार

शिमोग्याला जाऊन आलो. मन फार खाली गेलंय.

मेष्ट्रु आरामखुर्चीत होते, गळ्याला पांढरं फडकं. एकोणनव्वद वर्षांचं शरीर, पण डोळे तेच. सुगुणाने, त्यांच्या मुलीने, दार उघडलं. मी पाया पडलो.

"आलास? नाही म्हणायला आला असशील." सुक्या पानांवरून कोणी चालावं तसा आवाज. त्या आवाजाने एकेकाळी आमच्या देवळाची कौलं हलायची.

"मेष्ट्रे, मला गाता येत नाही."

"हे तुला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगायला कशाला हवं?"

"म्हणजे अफवा आहे."

सुगुणा आतून ओरडली, "अप्पा, डॉक्टरांनी कमी बोलायला सांगितलंय!"

"मी कमीच बोलतोय. हाच जास्त बोलतोय." मग मला म्हणाले, "सारथ्याचं पद म्हण."

पोथीत एक जागा आहे. म्हातारा सारथी थकतो, नदीकाठी रथ थांबवतो आणि राजाला म्हणतो, रथ इथवरचा, महाराज. पुढची वाट पायांची आहे. मेष्ट्रु हे पद गायचे तेव्हा बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी म्हटलं. मध्ये दोनदा श्वास पुरला नाही. मेष्ट्रु डोळे मिटून बसले होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सुगुणाने नुकतंच औषध घातलं असावं.

पद संपलं. मी वाट पाहत राहिलो. पंचावन्न वर्षांत माझं एकही पद या माणसाने चूक काढल्याशिवाय सोडलेलं नाही. आज काहीच नाही. बऱ्याच वेळाने म्हणाले, "कॉफी घेऊन जा."

म्हणजे चूक काढण्याच्याही लायकीचं झालं नाही.

निघताना म्हणाले, "तुझी अर्थ सांगायची वही पाठव. सुगुणाला वाचायचीय."

सुगुणा ट्रे घेऊन उभी होती. "मला?"

"हो, तुला," मेष्ट्रु म्हणाले.

बँकेतून निवृत्त झाल्यावर माणसाला नवे छंद लागतात, ते बरंच आहे.

२८ ऑक्टोबर, रविवार

देवस्थान कमिटीचे अध्यक्ष हालप्पा गौडा आले होते. धणे-जिऱ्याचं कषाय प्यायले, गूळ जास्त झाला म्हणाले, आणि दुसरा पेला मागितला.

"मास्तर, गाणार म्हणता तर गा. पण म्हणजे... पाटावर बसणार?"

"गाणारा पाटावर, सांगणारा चटईवर. आपल्या देवळाची रीतच ती."

"रीत तर आहेच हो. पण आजवर पाटावर जोयिस बसले." मग ते कौलांकडे पाहू लागले. "लोक काय, लोक बोलतात."

"काय बोलतात?"

"काही नाही. तुमचा आवाज बरा आहे म्हणतात."

ऐकून बरं वाटलं. आत लोलाक्षीने पातेलं जोरात आपटलं; तिचा हात हल्ली ठिकाणावर नसतो.

गौडा गेल्यावर १९८१ साल आठवलं. वाचनाचं पहिलं वर्ष. मेष्ट्रु पाटावर बसले, पोथी उघडली, आणि तेव्हाची कमिटी पुढे झाली. चौडप्पा शाळेत शिकवतो ते ठीक. देवळात अर्थ सांगायला एखादा भट्ट बसवू. मी दाराशी, चपलांजवळ बसलो होतो. सुपारी सोलणाऱ्याचा मुलगा, आमच्या घरातलं त्या मंडपात तोवर कोणी बसलेलंही नव्हतं. मेष्ट्रुंनी पोथी मिटली. शाल घडी केली. पाटावरून उठले आणि शांतपणे म्हणाले, "मग मी श्रोत्यांत बसतो. तुमच्यापैकी कोणीतरी गा."

गायला कोणाला येत होतं? कोणी हललं नाही. मेष्ट्रु चालत चालत दाराशी आले, माझ्या शेजारी चपलांपाशी खरोखर बसले. मला म्हणाले, "किती वेळ लागतो बघू." घड्याळात पाहिलं तर अकरा मिनिटं. मग कोणीतरी खाकरलं आणि आम्हां दोघांना पुढे बोलावलं. तो मंडप किती लांब होता! मी अजून चालतोच आहे असं कधी कधी वाटतं.

ते जुने दिवस. आता तसलं काही राहिलेलं नाही.

३१ ऑक्टोबर

घसा बसला. बायकोने मिरी-सुंठ दिली आणि वर एक वाक्य दिलं, "गळा नाही, धीर बसलाय." आज सराव नाही.

४ नोव्हेंबर, रविवार

सांगणारा मिळाला! पुरोहित सुब्राय भट्ट. विद्वान माणूस, फक्त अर्थ सांगता सांगता स्वतःच्या काशीयात्रेत शिरतात आणि लवकर परतत नाहीत. पण एवढं चालतं.

ते स्वतःच आले होते. "चौडप्पा, तू गा, मी सांगतो. मोठी पोथी आहे, अर्थाला अधिकारी माणूस हवा."

"आपण आलात हेच आमचं भाग्य."

"फक्त एक. माझे गुडघे. चटईवर बसलं की ठणकतात. पाटावर बरं पडतं. तू काय, कुठेही बसशील."

त्यांच्या गुडघ्यांचं मला माहीतच नव्हतं. परवाच्या सत्यनारायणाला तीन तास मांडी घालून बसले होते, तेव्हाच दुखावले असणार. मी म्हटलं, पाट तुमचा.

लोलाक्षी दारात उभी राहून ऐकत होती. भट्ट गेल्यावर म्हणाली, "त्यांना गुडघ्यात नाही दुखत. दुसरीकडेच दुखतंय."

कुठे, ते तिने सांगितलं नाही. नीर दोसे वाढताना ताटाकडेही पाहिलं नाही.

५ नोव्हेंबर, सोमवार

अर्थाची वही रजिस्टरने मेष्ट्रुंना पाठवली. सोबत चार ओळी लिहिल्या: भट्ट सांगायला तयार आहेत, त्यांच्या गुडघ्यांसाठी पाट त्यांना देतोय, मी चटईवरून गाईन, आवाज काय, तसाही जेमतेमच आहे.

वही हातातून जाताना जीव हलला. सदतीस वर्षांच्या शाईचे तीन रंग आहेत त्यात. पाठवण्याआधी चाळली. सारथ्याच्या पानाशी थांबलो. तिथे १९८७ची खूण आहे.

त्या वर्षी मला ताप होता. मेष्ट्रु राणीचं पद गाऊन थांबले आणि मी अर्थ सांगू लागलो तो त्याच्या पुढच्या, सारथ्याच्या पदाचा. अजून न गायलेल्या पदाचा! आमच्या धंद्यात याहून मोठी चूक नाही. गाडी येण्याआधीच उतरल्यासारखं. मी अर्धा सांगून गेलो तेव्हा अंगाला दरदरून घाम फुटला. मेष्ट्रुंकडे बघायची हिंमत झाली नाही. आणि मेष्ट्रुंनी काय करावं? मी थांबताच सारथ्याचं पद गायले, जणू ठरलेलंच होतं. मग राग बदलून, हळू आवाजात, राणीचं पद पुन्हा गायले आणि म्हणाले, "सारथी बोलत होता तेव्हा तिच्या मनात हे चाललं होतं." माझ्याकडे बघून मान हलवली. मी राणीचा अर्थ सांगितला. लोक म्हणाले, यंदा काय बसवलंय! आजही कोणाला ठाऊक नाही. मेष्ट्रुंनी त्याबद्दल मला कधी एक शब्द विचारला नाही.

याच माणसाने माझ्या कवितांची वही वाचून मला तोंडावर सांगितलं होतं, "चौडा, तू कवी नाहीस. तू ऐकणारा आहेस. कवी पुष्कळ आहेत." तेव्हा मी पंचवीस वर्षांचा होतो. महिनाभर त्यांचा राग धरला. मग शाळेत मुलांना कविता शिकवू लागलो आणि कळलं की ऐकता येणं म्हणजे काय. झाकायचं ते झाकणारा आणि सांगायचं ते सांगणारा, हे एकाच माणसात कसं मावतं?

१० नोव्हेंबर, शनिवार

मेष्ट्रुंचं कार्ड. पाठीवर पत्ता, पोटात दोनच शब्द:

"पाट गाणाऱ्याचा."

आता काय करू? मेष्ट्रुंची आज्ञा मोडता येत नाही आणि भट्टांचे गुडघे बघवत नाहीत. शेवटी भट्टांकडे गेलो. खुर्ची देतो म्हटलं, उशा देतो म्हटलं, चटईवर चार पदरी घोंगडी घालतो म्हटलं. "बघू," म्हणाले. आत बोलावलं नाही, कामात असतील.

१२ नोव्हेंबर, सोमवार

रोज दोन तास सराव. श्रुतिपेटीचा भाता हलवायला लोलाक्षी बसते. पेटी मेष्ट्रुंचीच. दोन वर्षांपूर्वी त्यांनी दिली, "बिघडलीय, दुरुस्त करून ठेव." सगळी उघडून पाहिली, काही बिघडलेलं नव्हतं. परत द्यायला गेलो तर म्हणाले, "ठेव तुझ्याकडेच, पुन्हा बिघडेल." वयाने माणूस हट्टी होतो. अलीकडे त्यांनी स्वरही बराच खाली आणला होता. तोही वयानेच. योगायोग असा की मला तो स्वर अगदी बरोबर बसतो.

आज लोलाक्षीने मध्येच भाता थांबवला.

"अहो, दर भाद्रपदात तुम्ही तीन दिवस शिमोग्याला जायचात ते कशाला?"

"तालमीला. मेष्ट्रुंचा घसा वाचावा म्हणून तालमीत मी गायचो, ते ऐकायचे. पन्नास ठिकाणी थांबवायचे."

"किती वर्षं?"

"वीस तरी."

"वीस वर्षं तालीम कोणाची चालली होती?"

"मेष्ट्रुंची. दुसऱ्या कोणाची?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पाढे चुकणाऱ्या पोराकडे पाहायचो. मग पुन्हा भाता हलवू लागली. म्हणाली, "गा."

१४ नोव्हेंबर

आज सारथ्याचं पद एका श्वासात गेलं. बाहेर अंगणात सुपारी सोलायला बसलेल्या बायकांचे कोयते थांबले. पद संपल्यावर त्यातली एक म्हणाली, "छान आहे हो मास्तर. पण म्हणजे काय ते?"

म्हणजे काय ते. तेच तर. अर्थ सांगणारा नसेल तर मी नदीच्या पलीकडून हाका मारल्यासारखं.

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

भट्टांचा निरोप: सिरसीला वास्तुशांत आली, सात दिवस जमणार नाही. बिचाऱ्यांची ऐन वेळी ओढाताण.

उद्या वाचन. गाणारा आहे, तोही अर्धामुर्धा. सांगणारा नाही. कॉलेजातल्या दोन कन्नडच्या प्राध्यापकांना फोन केले. एकाने सुट्टी नाही म्हटलं. दुसऱ्याने विचारलं, "पोथीची पीडीएफ आहे का?" मोडलं वाचन. माझ्या हातून मोडलं. सदतीस वर्षं त्यांनी उचलून धरलं आणि पहिल्याच वर्षी मी खाली टाकलं. मेष्ट्रुंना कळवायची हिंमत नाही.

लोलाक्षी दुपारी मागच्या दारी बसून फोनवर कितीतरी वेळ बोलत होती. बंगळूरला, मुलाशी असणार. मी जवळ गेलो तशी "ठेवते" म्हणाली.

१७ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी

हालप्पा गौडा येऊन गेले. अंगावर इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर सुतक.

"मास्तर, यंदा राहू द्या. भजनी मंडळ तयार आहे, सात दिवस भजन ठेवू. पुढच्या वर्षी जोयिसांचा घसा बरा झाला तर बघू."

"पुढच्या वर्षी त्यांना नव्वदावं असेल, गौडा."

"तेच तर म्हणतो. आणि भट्टही नाहीत. खरं सांगू का..." पुन्हा कौलांकडे बघायला लागले. "भट्ट म्हणाले, चौडप्पाच्या खाली बसून मी अर्थ सांगायचा? तसं लोकांसमोर नाही हो म्हणाले. माझ्यापाशीच म्हणाले."

गुडघे, सत्यनारायण, "तू कुठेही बसशील", "बघू". एकेक पान उलटत गेलं. शिकलेल्या माणसाला साधं वाचायला एवढा वेळ लागावा! लोलाक्षीला पहिल्या दिवशी वाचता आलं. मेष्ट्रुंना सत्तर किलोमीटरवरून माझ्या चार ओळींत वाचता आलं. दोन शब्दांत उत्तर दिलं त्यांनी, आणि मी ते घेऊन भट्टांना उशा द्यायला गेलो.

मला स्वतःची चीड आली. आणि मग जे बोललो ते मी बोललो यावर अजून विश्वास नाही.

"गौडा, वाचन होईल. मी गाणार. पाटावर बसून गाणार. सांगणारा नसेल तर नुसतं गाईन. अर्थ नाही कळला तर निदान कानांवरून तरी जाईल. आणि ज्यांना मी पाटावर चालत नाही त्यांनी चपलांजवळ बसावं. तिथून छान ऐकू येतं. मला माहीत आहे."

गौडांनी कषायाचा पेला खाली ठेवला. "मास्तर, आज तुमचा आवाज निराळाच लागलाय."

"माइक सहाच्या आधी तपासून ठेवा," मी म्हणालो.

ते गेले. लोलाक्षीने माझं धोतर दुसऱ्यांदा इस्त्रीला घेतलं. मग पुढच्या खोलीतला पलंग झाडला, चांगली चादर घातली. मी म्हटलं, मला आता झोप कुठली येतेय. ती म्हणाली, "तुमच्यासाठी नाही."

त्याच दिवशी, दुपारी चारनंतर

घाईतलं अक्षर वाचता येईल की नाही देव जाणे, पण देवळात जाण्याआधी हे लिहिलं पाहिजे.

साडेतीनला मी न्हाणीघरात गरम पाण्याच्या गुळण्या करत होतो. बाहेर मोटार थांबली. लोलाक्षीची हाक आली, "अहो, बाहेर या! आधी अंगात सदरा घाला!"

सदऱ्याची बटणं लावत लावत आलो. दार उघडंच होतं. उंबऱ्याबाहेर सुगुणा, दोन्ही हातांत पिशव्या, चेहऱ्यावर वैताग. "अप्पांना सांगा काहीतरी," ती लोलाक्षीला म्हणाली, "दोन महिने घराबाहेर पाऊल नाही, आणि आज पहाटे सहाला धोतर नेसून तयार! गाडी बोलाव म्हणे!"

आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून मेष्ट्रु. गळ्याला तेच फडकं, वर जरीकाठी शाल. काखेत माझी वही, तिच्यातून कागदाचे पन्नासेक कपटे बाहेर आलेले.

माझ्या तोंडातून एवढंच निघालं, "मेष्ट्रे, तुम्ही? ऐकायला आलात?"

"ऐकायला शिमोग्यात रेडिओ आहे." सुकी पानं खसखसली. "सांगायला आलोय."

"पण आवाज..."

"माइक आहे ना तुमच्याकडे? मग कुजबुज चालेल. देवळात मोठ्याने बोलूही नये."

"पण मेष्ट्रे, चटई... सांगणारा खाली बसतो. पाटावर मी... तुम्ही माझ्या खाली..."

"चटईवर बसवायला दोन माणसं लागतील, उठवायला चार. हालप्पाला सांग, धष्टपुष्ट बघून ठेव." मग वही काखेतून काढली, हातभर लांब धरली. "आणि सारथी नदीकाठी थांबतो त्याचा अर्थ तू सदतीस वर्षं चुकीचा सांगतोयस. तो थकला म्हणून थांबत नाही. आज मी सांगतो, तू ऐक."

मी तसाच उभा. ज्यांनी मला दंडाला धरून चालवलं, जे माझ्यासाठी चपलांत बसले, ते आता माझ्या पायाशी बसायला सत्तर किलोमीटर आले होते. आणि मला पुढे होऊन पाया पडायचंही सुचेना, की उंबऱ्यातून बाजूला व्हायचंही. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं.

"काय रे," मेष्ट्रु म्हणाले, "आत येऊ देतोस, की इथूनच सुरू करू?"